डाव्या हाताचा घास

"बसा, जल्दी बसा. भाकरी काढा समद्याजणी," मुकादम अप्पाराव ओरडत आला आणि नवीन जालन्यातल्या त्या जिनिंगमधले सरकी काढायचे रेचे एकदम थांबले. सरकारी इन्स्पेक्टर फाटकात आला होता. "रोज जेवायची सुट्टी मिळती म्हनायचं. जिचं तोंड सुटलं, तिनं उद्यापासून येऊ नये."

रेच्यावरच्या साखराबाईने हातातला कापूस खाली टाकला. इतक्या वर्षांत सुट्टी कशी असते हे तिने पाहिलं नव्हतं. उजव्या हाताने रेच्यात कापूस सारायचा आणि डाव्याने कमरेच्या फडक्यातली भाकरी खायची, तीही उभ्यानं. कायद्यात अर्धा तास लिहिलाय म्हणे. लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? घरी तिचा नवरा त्रिंबक दम्याने अंथरुणाला खिळलेला. ही मजुरी गेली तर चूल पेटणार नव्हती.

बायका लिंबाखाली ओळीने बसल्या. इन्स्पेक्टर नेमका साखराबाईसमोर थांबला.

"बाई, रोज सुट्टी मिळते?"

"व्हय साहेब. बराबर मिळती." ती पाठ केल्यासारखं म्हणाली.

"मग जेवा की."

अप्पाराव डोळे वटारून उभा होता. तिने घाईघाईने घास मोडून तोंडात घातला. इन्स्पेक्टर हलेना. त्याने शेजारच्या आशाबाईकडे पाहिलं, मग सगळ्या ओळीवरून नजर फिरवली.

"काय मुकादम, सगळ्या डावखुऱ्याच बायका ठेवल्यात का?"

साखराबाईने खाली पाहिलं. भाकरी डाव्या हातात होती. मांडीवरचा उजवा हात नसलेलाच कापूस पुढे सारत होता. तिने तो पदराखाली दडवला, तरी तो थांबेना.

"मी काईच बोलली न्हाई, मुकादम," ती पुटपुटली. अप्पारावने मान फिरवली.

आठवड्याभरात जिनिंगमध्ये दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजू लागला. साखराबाईला त्याआधीच कामावरून काढून फाटकातून परत लावलं होतं.

आशाबाईने धाडलेली भाकरी घेऊन ती घरात बसली होती, तेव्हा तिने तो भोंगा पहिल्यांदा ऐकला. दचकून तिने घास उचलला.

"अगं, कुन्या हातानं खाऊन राह्यलीस?" त्रिंबक खाटेवरून म्हणाला.

तिने भाकरी खाली ठेवली. उजवा हात धुतला, पदराला पुसला आणि पुन्हा घास मोडला.

"सुट्टी झाली त्यांची," ती म्हणाली, आणि सावकाश चावत राहिली.