चार कप्पे, आडनाव नाही

मी एक जुना अ‍ॅरे आहे, मित्रांनो. अ‍ॅरे म्हणजे प्रोग्राममध्ये ओळीने लावलेले कप्पे. मला चार आहेत आणि प्रत्येकात एक आकडा मावतो. हाक मारायला मला एक अक्षर आहे, पण आडनाव नाही. आमच्यात आडनाव म्हणजे प्रकाराचं नाव.

लहान मुलांच्या लसींच्या भांडारासाठी ताईने हा प्रोग्राम लिहिला. भांडारात चार फ्रीज, म्हणून आम्हाला चार कप्पे. तिथले काका पूर्वी तापमान हाताने भरत. एकदा त्यांनी संध्याकाळचे आकडे सकाळच्या जागी भरून मोठा घोळ घातला. मग ताईने सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांच्या दोन अ‍ॅरेंना वेगळी आडनावं दिली, सकाळमाप आणि सांजमाप. कंपायलर हा आमचा तपासनीस. प्रोग्राम चालण्याआधी तो ओळ न् ओळ तपासतो. वेगळ्या आडनावाच्या दोघांची तो तुलनासुद्धा करू देत नाही, मग कप्पे अगदी सारखे का असेनात!

मी चाचणीपुरता लिहिलेला, म्हणून बिनआडनावाचा. त्या दोघांचा मला फार हेवा वाटे. आपल्यालाही कुणीतरी पूर्ण नावाने हाक मारावी, एवढीच माझी इच्छा होती.

पुढे फ्रीजना आपोआप आकडे पाठवणारी यंत्रं बसली. एके दिवशी काका खुशीत म्हणाले, "काय थंडी धरलीय फ्रीजनी! सकाळी जेवढी, तेवढीच संध्याकाळी."

"काका, दिवसभर दारं उघडता ना तुम्ही? मग थोडा तरी फरक पडायलाच हवा," ताई म्हणाली. "यंत्रं अडकली नाहीत ना?"

पडद्यावर दशांश दिसत नसत, ते आमच्या कप्प्यांत असत. ताईने सकाळमाप आणि सांजमाप यांची तुलना करायला सांगितली. कंपायलरने साफ नकार दिला. तेव्हा तिला मी आठवलो. तिने सकाळचे आकडे माझ्यात ओतले आणि मला सांजमापाशेजारी उभं केलं. मला आडनावच नव्हतं, त्यामुळे कंपायलर अडवणार तरी कशावरून? चारही आकडे दशांशासकट जुळले. यंत्रं जुनेच आकडे पाठवत होती! काका तापमापक घेऊन धावले. तिसरा फ्रीज तापू लागला होता. लसी वेळेत हलवल्या आणि एकही वाया गेली नाही.

ताईने खूश होऊन मलाही आडनाव दिलं. काय सांगू, मी हरखून गेलो! पण लगेच कंपायलर ओरडला. आता माझी तुलना ना सकाळमापाशी होईना, ना सांजमापाशी. तिने ते नाव पुसलं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मग तिने माझ्या वर एक शेरा लिहिला. शेरे कंपायलर वगळतो, त्यामुळे ते आमच्यापर्यंत पोचत नाहीत. पण काकांनी चष्मा सावरत तो मोठ्याने वाचला, "हा आपला आहे. याला नाव देऊ नये आणि काढूही नये."

मित्रांनो, तुमच्याही कामात असं बिननावाचं कुणी असेल. त्याच्याबद्दल एक ओळ लिहाच, पण ती त्याला ऐकूही जाऊ द्या. माझी ओळ काकांनी एकदाच वाचली. त्यांनी ती पुन्हा वाचावी म्हणून मी रोज वाट पाहतो.