मुरब्याचा बोंबील

सुका बोंबील घ्यावा तर किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या जमनाकडूनच, असं म्हणणाऱ्या बायका बोईसरच्या बाजारात कमी नव्हत्या, आणि जमनाला ते पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या शालूने बांगलादेशचा बोंबील मांडल्यापासून तर तिच्या जिभेला हाडच उरलं नव्हतं.

“शेजारच्या देशांचा करार झालाय, जकात नाय, म्हनून स्वस्त,” शालू गिऱ्हाइकांना सांगायची.

“स्वस्त हाय, पन चव हाय का?” जमना मध्येच तोंड घालायची. “आमचा बग. आमच्याच वलांडीवर वाळलेला. म्हालक्ष्मीची शपथ!”

यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायचं काम नवऱ्याकडे, दामूकडे गेलं होतं. तो टोपली भरून आणायचा, ती बाजारात न्यायची.

एके दिवशी नवापूरच्या इंदुबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. “जमने, मागच्या खेपेचा बोंबील काय होता गं! पोरं ताट चाटून उठली.”

जमनाने शालूकडे बघून नाक मुरडलं. त्या आनंदात ती संध्याकाळी लंगडत थेट किनाऱ्यावर गेली, दामूचं कौतुक करायला.

वलांडी रिकामी होती. बांबूवर एक बोंबील नाही. खाली बसून दामू गोणीतला बोंबील टोपलीत ओतत होता, आणि गोणीवर तीच परकी अक्षरं, जी शालूच्या गोण्यांवर असायची.

“अवो, ह्ये काय?”

“दर्यात गावतंय काय यंदा? तुजं गिऱ्हाईक तुटू नये म्हनून आनला.”

“मी भर बाजारात देवीची शपथ घेत होते!”

“सांगायला तोंड उगडू दिलंस कदी?”

आपण कुणाला काय काय बोललो, ते आठवून जमनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बाजाराला तिने घरात पावसाळ्यासाठी राखलेला बोंबील नेला, गेल्या वर्षी स्वतः वाळवलेला. थोडाच होता, पण खरा होता. इंदुबाईंनी एक उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला.

“हा नको गं. मागच्या खेपेचा दे, तुमचा मुरब्याचा.”

शालूचं सगळं लक्ष इकडेच होतं. एक खोटं बोललं की निभावलं असतं. पण शपथ घेतलेल्या तोंडाला ते जमेना.

“तो,” जमना कशीबशी म्हणाली, “शालूकडं हाय.”