डिजिटल बोर्डाचं हळदीकुंकू

करंजवाडीच्या मराठी शाळेत डिजिटल बोर्ड आला त्या दिवशी अर्धं गाव कपाशीचं निंदण सोडून शाळेच्या आवारात उभं होतं. भला मोठा, दरवाजाएवढा काळा बोर्ड! बोट लावलं की लिहिलं जातं, पुसायला डस्टर नको की खडू नको. पोरं तर पोरं, म्हातारे-कोतारेही बोट लावून बघायला रांगेत उभे राहिले.

आता कुणी म्हणेल, एका बोर्डाचं एवढं काय कौतुक? तर अहो, तेलुगू मुलखातली, तालुक्याच्या बेल्यापासून सात किलोमीटरवरची ती मराठी शाळा, पटावर मोजून चाळीस पोरं. रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायची आणि दरवर्षी त्यातली दोन-चार पोरं कमी करून न्यायची. बोर्ड आला आणि पहिल्यांदा उलटं घडलं. गावातल्या बाबारावांनी आपली नात नेहा गाडीतून उतरवली आणि परत मराठी शाळेत आणून बसवली. पाठोपाठ आणखी चौघं आली. हेडमास्तर सुधाकरराव त्या आठवड्यात नुसते हवेत चालत होते.

बोर्ड चालवायचं ट्रेनिंग घ्यायला शाळेतून एकानं आदिलाबादला जायचं होतं. गेल्या नीलिमा मॅडम. विज्ञान शिकवायच्या, सव्वीस वर्षं नोकरी झालेली, वर्गात त्यांचा दरारा असा की त्या व्हरांड्यात आल्या तरी पाढे आपोआप सुरू व्हायचे. पण ट्रेनिंग होतं सगळं तेलुगूत. मॅडमचं तेलुगू म्हणजे बाजारापुरतं; टमाटे घेता येतील, बसवाल्याशी भांडता येईल, एवढंच. आणि शिकवणारा कुलदीप नावाचा पोरगा असा सुसाट बोलायचा की विचारता सोय नाही. दर तासाला थांबून तो विचारायचा, "अर्थमैंदा?" समजलं का? आणि चाळीसच्या चाळीस शिक्षक एका सुरात मान डोलवायचे. मॅडमही डोलवायच्या. पाच दिवस मान डोलवून त्या सर्टिफिकेट आणि एक कापडी बॅग घेऊन घरी आल्या.

"शिकून आल्या नं सगळं?" सुधाकररावांनी विचारलं.

"हाव सर," मॅडम म्हणाल्या.

त्या एका शब्दानं बाईंच्या मागे जे शुक्लकाष्ठ लागलं, ते काही विचारू नका. बोर्ड सुरू करणं, भारताचा नकाशा दाखवणं आणि बंद करणं, एवढंच त्यांना येत होतं. दोन महिने आठवीच्या पोरांनी भारताचा नकाशा इतक्यांदा पाहिला की त्यांना तो डोळे मिटून काढता यायला लागला. बाकी वेळ बोर्डावर चादर. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "धूळ बसते त्याच्यावर."

दसऱ्याच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी मात्र मॅडमनी हिंमत केली. शाळा सुटल्यावर दार लोटून एकट्याच बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि दिसेल ते दाबत सुटल्या. एक यादी उघडली, तिच्यातून दुसरी उघडली, काहीतरी लाल अक्षरात आलं, आणि मॅडमनी घाबरून मेन स्विचच बंद केला.

सुट्टीनंतर शाळा उघडली. बोर्ड सुरू झाला, पण बोट लावलं तर ढिम्म! मधेच कुठंतरी एक रेघ आपली आपण उमटायची, आणि जिथं बोट ठेवलं तिथं काहीच नाही. मॅडमना सुट्टीआधीची ती लाल अक्षरं आठवली. म्हणजे आपणच मोडला की हो! लाखाची वस्तू! त्यांनी गुपचूप चादर टाकली आणि चार दिवस वर्गात खडूवर असा जोर काढला की खडू पटापटा मोडले.

पाचव्या दिवशी पत्र आलं. सुधाकररावांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. ज्या शाळांत बोर्ड वापरात नाही तिथून तो काढून दुसऱ्या शाळेला द्यायचा. गुरुवारी एमईओ, म्हणजे मंडल शिक्षणाधिकारी साहेब, स्वतः पाहायला येणार.

"आपल्याला काय भ्या?" सुधाकरराव म्हणाले. "ट्रेनिंग घेतलेल्या मॅडम हायेत आपल्याकडे."

बाबारावांच्या कानावर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गेलीच. दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी उभे. स्वभावानं गोड माणूस, पण बोलायला रोखठोक. "मॅडम, राग मानू नका. बोर्ड गेला तं नेहाले म्या परत गाडीत बसवीन. आन् म्या बसवली तं बाकीचे थांबतीन काय?"

मॅडम फाटकातून आत आल्या. तिथं त्यांना लख्ख दिसलं की बोर्ड गेला तर पोरं जाणार, आणि हे सगळं एका 'हाव सर'पायी. जेवणाच्या सुट्टीत त्या आठवीच्या वर्गात गेल्या, दार लोटलं, आणि कुलदीपचा नंबर लावला. तेलुगूत सुरुवात केली, हिंदीत घसरल्या, आणि शेवटी जे होतं ते बोलून टाकलं. "सर, तुमच्या ट्रेनिंगमधलं मला काही म्हणजे काही समजलं नाही. मी उगाच मान हलवत होते. आणि आता मी बोर्ड मोडला आहे."

पलीकडून कुलदीप हसायलाच लागला. मॅडमना वाटलं, जमीन दुभंगावी.

"मॅडम," तो हिंदीत म्हणाला, "चाळीस लोकांना शिकवून तीन महिने झाले. फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी समजत होतो, मी फारच छान शिकवतो! तुम्ही व्हिडिओ चालू करा आणि मला बोर्ड दाखवा. आधी काठ दाखवा."

मॅडमनी चादर काढली आणि फोन काठाकाठानं फिरवला.

"थांबा, थांबा! हे पिवळं-लाल काय आहे?"

इतके दिवस नुसती काचच पाहणाऱ्या मॅडमनी पहिल्यांदा काठाजवळ जाऊन पाहिलं. चौकटीच्या आतल्या कडेला, वरपासून खालपर्यंत, बोट-बोट अंतरावर हळदीकुंकवाची जाडजूड बोटं ओढलेली. खालच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या वाळून घट्ट बसलेल्या.

मॅडमनी तिथूनच हाक मारली, "बयनाबाई!"

शाळेत पोरांचं भात-वरण रांधणाऱ्या बयनाबाई पदराला हात पुसत आल्या. "काय झालं जी?"

"ह्या बोर्डाला हळदकुंकू कोणी लावलं?"

"म्याच! सुट्टीत किल्ली मायाजवळच होती. दसऱ्याले नांगर पुजते, मोटारसायकल पुजते, ह्या शाळेतली विळीबी पुजली. मंग हा एवढा मोठा काऊन उपाशी ठेवू? काचेले डाग नोको म्हणून बघून बघून काठालेच लावलं."

फोनमधला कुलदीप आता पोट धरून हसत होता. श्वास परत आल्यावर त्यानं समजावलं, आणि यावेळी सावकाश. बोर्डाच्या काठात बारीक बारीक डोळे असतात. ते एकमेकांकडे न दिसणारा उजेड सोडतात. आपण बोट ठेवलं की तो उजेड अडतो, म्हणून बोर्डाला कळतं बोट कुठं आहे. "तुमच्या बाईंनी एकूण एक डोळ्यावर टिळा लावलाय. तो बिचारा आंधळा झालाय. तुम्ही काही मोडलं नाही, मॅडम."

तुम्ही काही मोडलं नाही! मॅडमना एकदम हुंदकाच आला. बयनाबाईंना वाटलं आपलं काहीतरी मोठं पाप झालं, त्याही डोळ्याला पदर लावून उभ्या. मग दोघींनी मिळून काठ पुसला. कापूस कुठून आणायचा हा प्रश्न करंजवाडीत तरी पडायचा नव्हता. बोंडातला ताजा कापूस, जरासा ओला करून, पिळून, एकेक डोळा. शेवटची पाकळी निघाली आणि मॅडमनी बोट टेकवलं. सरळ, सुरेख पांढरी रेघ उमटली.

"बया!" बयनाबाई म्हणाल्या. "माय, डोळे उघडले त्याचे!"

पण मॅडम तिथं थांबल्या नाहीत. त्या सरळ सुधाकररावांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, मी तेव्हा हाव म्हटलं, ते खोटं होतं. मला येत नाही. पण गुरुवारपर्यंत मी पोरांसोबत शिकून घेते." सुधाकरराव म्हणाले, "मॅडम, मले तं वाटे मलेच फकस्त येत नाई." आणि दोघंही हसले.

पुढचे तीन दिवस आठवीच्या वर्गात जो काही गोंधळ चालला! चादर गेली कायमची खुंटीवर. मॅडम दाबायच्या, चुकायच्या, पोरं ओरडायची, "मॅडम, मागं जा, मागं!" दुपारी कुलदीपला फोन, संध्याकाळी वहीत टिपण. कपाशीवरच्या गुलाबी अळीचा एक छान व्हिडिओ सापडला, पण बोलणं सगळं तेलुगूत. मॅडमनी आवाजच बंद केला आणि स्वतः मराठीत सांगायला लागल्या.

गुरुवारी साहेब आले. उंच, शांत, करीमनगरकडचे, मराठी मोडकंतोडकं. मागच्या बाकावर वही घेऊन बसले. दारात बाबारावही येऊन टेकले होते, कुणी बोलावलं नसताना.

मॅडमनी व्हिडिओ लावला. अंडं झालं, अळी झाली, आणि अळी बोंडात शिरली तशी पोरंच बोलायला लागली. "मॅडम, ते भोक बाहेरून दिसतच नाई!" "आमच्या बानं बोंड फोडून दाखवलं होतं, आतमंदी बसून खाते!" मॅडमनी एकेकाला पुढं बोलावून बोर्डावर बोंड काढायला लावलं. कुणी अळी काढली, कुणी पतंग. नेहानं सगळ्यांना बाण जोडले आणि नावं लिहिली. बोर्ड गच्च भरला.

"बागुंदी, बागुंदी," साहेब म्हणाले. "चांगला हाय. आता हे चित्र ठेवून द्या. उद्या सातवीला दाखवायचं. करा."

मॅडम बोर्डाकडे वळल्या. जपून कसं ठेवायचं हे शिकायचं राहूनच गेलं होतं! दारातले बाबाराव बघत होते. सुधाकररावांनी डोळे मिटले.

"सर, ते मला येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आत्ता शोधते."

त्यांनी कोपऱ्यातलं एक चिन्ह दाबलं. आख्खा बोर्ड कोरा! वर्गातून "आऽऽऽ" असा सूर निघाला.

"गेलं," मॅडम म्हणाल्या. "चला, परत काढा."

पोरं उठली, परत बोंड, परत अळी, परत बाण. यावेळी मॅडमनी आधी एका रिकाम्या पानावर तीन चिन्हं दाबून पाहिली, तिसऱ्याला चित्र जपून राहिलं, आणि मग खरं चित्र ठेवलं. बंद करून परत उघडलं. होतं! वर्गानं टाळ्या वाजवल्या. सगळं मिळून पंधरा मिनिटं गेली. साहेब तेवढा वेळ बाकावर बसून होते, वहीत काही लिहीत नव्हते.

मग ते उठले आणि बोर्डाजवळ गेले. काचेवर पोरांच्या बोटांचे डागच डाग.

"अकरा शाळा बघितला मी," ते म्हणाले. "सगळा मास्तर म्हणते, सगळा येते. बोर्डवरचा प्लास्टिक पण काढला नाय. तुमचा बोर्ड इथंच राहील." बाबारावांनी दारातच हात जोडले. तेलुगूतलं आदराचं 'गारू' जोडत साहेब पुढं म्हणाले, "पण मॅडम गारू, तुमाला मी नेणार."

सुधाकरराव ताडकन उठले. "साहेब! मॅडमची बदली?"

"बदली नाय. दर शनिवार, बेल्याला. मराठी शाळेचे चौदा मास्तर हाय. त्यांना मराठीत शिकवा."

मॅडमचा चेहरा फुलला. पण लगेच त्यांनी पदर खोचला आणि वर्गात वापरतात त्याच आवाजात म्हणाल्या, "येईन सर. पण मला एक माणूस असा पाहिजे, जो पहिल्या बाकावर बसून पहिल्यांदा म्हणेल, मला येत नाही. मग बाकीचे बोलतील. हेडमास्तरांना विचारते मी."

साहेबांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"त्यांना राहू द्या," ते म्हणाले. "मी येतो. मला पण येत नाय."