ओल्या गोणपाटाखालची बॅटरी

सोडियमच्या त्या बॅटरीचं रसायन सरकारी प्रयोगशाळेत शोधलेलं, पेटी मोरिवलीच्या खासगी कंपनीने बांधलेली. आता एवढंच ठरायचं होतं: गार करणाऱ्या पंख्याशिवाय ती उन्हाळा सोसते का? म्हणून ती बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीत, समाजमंदिराच्या पत्र्याखाली ठेवली होती. दिवसा उन्हावर भरायची, रात्री वाडीत दिवे लावायची.

एप्रिल सरला तरी दुरून येणाऱ्या आकड्यांत पेटी तापेना. प्रयोगशाळा खूश, कंपनी त्याहून खूश. कंपनीतल्या शलाकाला मात्र चैन पडेना. पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, मग ही थंड कशी? सहकारी भूपेशला घेऊन ती वाडीवर गेली.

पेटीवर ओलं गोणपाट होतं. शेजारी वाडीतली म्हातारी मोतीबाई पाण्याचा हंडा घेऊन बसलेली.

“आजी, हे कुणी केलं?”

“म्याच. हात लावला त चटका बसला गं बाय. ताप आला का कपाळावर पट्टी ठेवतो ना, तसं.”

“सुनेला घोटभर देत नाय, पेटीला हंडा पाजते!” दारातून वाडीतला बुधाजी म्हणाला.

“तू गप रं!”

गेल्या साली अंधारात मोतीबाईच्या नातवाला मण्यार चावली होती. तो वाचला नाही. दिवे आल्यापासून ती पेटीपासून हलत नव्हती.

उतरताना भूपेश म्हणाला, “मॅडम, अहवालात गोणपाटाचं लिहू नका ना. पुढचा टप्पा मंजूर होतोय.”

“दुसऱ्या वाडीत पाणी कोण मारणार, भूपेश?”

शलाकाने लिहिलं. कारखान्यात तशीच पेटी गोणपाटाविना तापवून पाहिली. ती काही दिवसांतच बंद पडली. रसायन बदलावं लागणार होतं, त्यासाठी वाडीतली पेटी उघडून तपासायची होती. नवी कधी मिळेल, हे ना प्रयोगशाळा सांगू शकली, ना कंपनी.

पेटी न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मोतीबाईने विचारलं, “म्या पाणी नसतं मारलं त ऱ्हायली असती का गं?”

“नाही आजी. तुमच्यामुळेच इतके दिवस चालली.”

ते खरं होतं. पण पाणी मारलं नसतं, तर दोष उन्हाळ्याच्या तोंडालाच कळला असता, हेही खरं होतं. ते शलाकाने गिळलं.

भूपेश दिवे काढायला शिडीवर चढला, तशी म्हातारी पुढे झाली.

“ते ऱ्हाऊ दे रं बाबा. परत आणाल तवा लागतील.”

भूपेशने शलाकाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तो रिकाम्या हाताने खाली उतरला.