वखद

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ना नवऱ्याने, ना आईने. म्हणून आधीच लिहून टाकते की तेजलचं नाव प्रदीप सरांनी घेतलं, मी नाही.

सर पालघरच्या कॉलेजात शिकवतात आणि जुने शब्द गोळा करतात. माझी आय, जिवली, झाडपाला देते आणि औषधाला अजून वखद म्हणते, हे कळल्यावर एप्रिलात ते आमच्या पाड्यावर आले. त्यांनी सांगितलं की हा शब्द ओषधीवरून आला असावा, आणि जुन्या ग्रंथांत ओषधी म्हणजे फळ पिकलं की मरून जाते ती वनस्पती.

आय हसली. "पुस्तकाला ठावं हाय तर मला कशाला विचारता? एक जातं, एक राहातं. तेच वखद."

मग तिने रीत सांगितली. संध्याकाळी झाडाच्या बुडाशी तांदूळ ठेवायचे, आजाऱ्याचं नाव सांगायचं आणि सकाळी मूळ काढायचं. झाड वाळतं, माणूस उठतो. पण धडधाकट माणसाचं नाव तिथं कधी घ्यायचं नाही, कारण झाडाला आजार कळत नाही, नाव तेवढं कळतं. मग झाड जगतं आणि माणूस वाळतो.

सरांना रीत पाहायची होती, म्हणून आम्ही तिघं घरामागच्या कुड्याच्या झाडापाशी गेलो. नाव कसं घेता ते म्हणून दाखवा, असं ते म्हणाले. आयने मान हलवून नकार दिला. तेवढ्यात कुणीतरी म्हटलं, तेजलचं वखद.

तेजल माझी मुलगी. तारापूरच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरते. त्याच सकाळी तिने बोईसरला खोली घेऊन मैत्रिणीबरोबर राहायचं काढलं होतं आणि मी तिला तोंडाला येईल ते बोलले होते. पण त्याचा इथं संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणाला खिळली. पालघरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, अशक्तपणा म्हणाले. माझा नवरा सुका कारखान्याच्या हवेला शिव्या देत राहिला. मीही दिल्या असत्या, पण पोरीची नखं कापताना मला त्यांत माती दिसली. ओली माती. आठ दिवस ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती आणि एप्रिलात आमच्या विहिरीच्या तळाशीसुद्धा ओल नसते. मी माती काढली, बोटं घासून धुतली. सकाळी माती परत होती, आणखी आत गेलेली. मागचा कुडा मात्र फुलांनी लगडला होता.

आयला विचारलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "जेनं नाव घेतलं तेचं नाव झाडाला सांग. ते पोरीला सोडंल."

"आणि त्याला?"

ती निवडत राहिली. "पण खरं सांग, भागे."

"सरांचंच सांगते."

सुका दारात बसून ऐकत होता. "सरानं पोरीला बघितलीबी नाय. तिचं नाव तेला कुणी सांगितलं?"

"सकाळचं माझं वरडणं आख्ख्या पाड्यानं ऐकलं. तेनं ऐकलं नसंल?"

"तो दुपारच्या गाडीनं आला, बाय."

मी त्याच्याशी बोलणं सोडलं. तीन संध्याकाळी मी कुड्याखाली तांदूळ ठेवून सरांचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, आवाज ठणठणीत. "तेजल बरी आहे ना? त्या दिवशी तुम्ही तिचं नाव घेतलंत, तेव्हा तुमच्या आईचा चेहरा बघून मलाच चुकल्यासारखं झालं." मी फोन ठेवून दिला. शिकलेली माणसं किती सरळ आवाजात खोटं बोलतात, असं मी अबोला मोडून सुकाला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आज सकाळी तेजलने पाणी मागितलं. मी तांब्या तिच्या तोंडाशी नेला, पण तिने तोंड फिरवलं आणि बोटं पाण्यात बुडवली. शांतपणे, माझ्याकडे बघत. माझ्या हातातला तांब्या हलका हलका होत रिकामा झाला.

संध्याकाळी मी पुन्हा मागच्या दारी गेले. फुलांचा सडा बाजूला करून तांदूळ ठेवले. ओठांवर सरांचंच नाव होतं, तीन दिवसांत त्याची सवय झाली होती. ते मी गिळलं, बुंध्याला तोंड लावलं आणि झाडाला ऐकू जाईल एवढंच म्हटलं, भागी.