विणकरणीची सप्तमी

चिनी सणांचा उगम दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीत शोधावा लागतो. लालबागच्या आमच्या वाचनालयाने तो सत्तावनच्या श्रावणात, एका शुक्रवारी संध्याकाळी शोधला, कारण ठरलेले वक्ते संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून तुरुंगात बसले होते आणि नाक्यावरचे दातांचे डॉक्टर चेन मोकळे होते.

"आज आमची सप्तमी," चेन म्हणाले. "आकाशात एक विणकरीण होती. गुराख्याशी लग्न झालं आणि तिनं विणणं सोडलं. देव रागावला. दोघांच्या मधे आकाशगंगा आणली. वर्षातून आज एकदा पक्षी पूल करतात, तेव्हा भेट."

"खाडे झाले म्हणून नवरा तोडला?" गिरणीच्या कांडी खात्यातल्या कमळाबाई म्हणाल्या. "आमचा साहेब बरा म्हणायचा!"

हशा ओसरल्यावर त्यांनीच विचारलं, "तुमची मंडळी कुठं असतात, डाक्टर?"

"कँटनला. आठ वर्षं झाली. आज ती गच्चीवर जाते, तारे बघते. मीही जातो."

"श्रावणात? दिसतात?"

"इथून नाही. तिकडून दिसत असतील."

सभा गप्प झाली. वाचनालयाचे चिटणीस अप्पा यांना शांतता सोसत नसे. त्यांनी ठराव मांडला. चेनबाईंना मुंबईत येऊ द्यावं, असा अर्ज एकशे बारा सह्यांनिशी दिल्लीच्या कचेरीत गेला. अर्थात मराठीत.

महिन्याभरात परत आला. भाषा कळत नाही, इंग्रजीत पाठवा.

पुन्हा सभा. चेन इंग्रजी अर्ज टाइप करून कोटाच्या खिशात घेऊन आले होते. पण अप्पा आधीच उभे राहिले होते. "आज अर्जाची भाषा सोडली, तर उद्या मुंबई सोडावी लागेल!" टाळ्या थांबेनात.

कमळाबाई चेनकडे झुकल्या. "इंग्रजीत गेला तर येईल ती?"

"कदाचित."

"मग टाका की गुपचूप पेटीत. अप्पाला कोण सांगतंय?"

चेननी खिशातला हात बाहेर काढला. रिकामाच. "बाई, माझ्या बायकोसाठी एवढी माणसं आजवर कधी उभी राहिली नव्हती."

आणि त्यांनी नव्या मराठी अर्जावर पहिली सही केली.

सव्वा महिन्यानं पाकीट न फोडताच परत आलं. अप्पांनी तिकीट कमी लावलं होतं.