एका माणसाची जागा

डेमारियस कॉबला हार्लनच्या अमेरिकन फुटबॉल संघाने दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, त्या दिवशी जनरल मॅनेजर ब्राइस हॅलोरन पत्रकारांना म्हणाला, "आमची बचावाची फळी भरभक्कम आहे. हे मी नाही, कोच वॉल्ट ग्रॅबोव्स्की सांगतात."

वॉल्ट असं काही म्हणाला नव्हता. समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडणारा कॉबसारखा गडी गेला की फळीत भगदाड पडतं, हे त्याने त्याच सकाळी हॅलोरनला तोंडावर सांगितलं होतं. ते वाक्य मागे घ्या म्हणून त्याने तीनदा फोन केला. नवव्या दिवशी त्याचं हृदय थांबलं. मृत्यूच्या बातमीतही वर्तमानपत्राने तेच वाक्य छापलं.

सोमवारी दफन झालं. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि बटाट्याचं सॅलड मांडलं होतं. हॅलोरन वॉल्टच्या मुलीजवळ आला.

"लिओना, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

"त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य तेवढं मागे घ्या."

"अगं, आता त्यात काय राहिलंय? तो तर गेला." त्याने दुसरं सँडविच उचललं. "शिवाय फळी खरंच भरभक्कम आहे."

लिओनाने मान वळवली. पलीकडे टावारिस पूल नावाचा तरुण खेळाडू उभा होता. खांद्यांवर ताणलेला, कुणाकडून तरी मागून आणलेला कोट. हा पोरगा सरावापुरता संघात होता, सामन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. शवपेटी उचलताना पुढची कडी त्याने धरली होती.

घरी येऊन तिने वडिलांची वही उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: "उजवीकडे रेमी. चौतीस वर्षांचा. पंचवीस खेळींनंतर पाय उचलत नाही. डावीकडे डग, गुडघा गेलेला. मागे कुणी नाही. पूल तयार आहे, त्याला वर घ्या. सांगितलं. ऐकलं नाही."

तिने ते पान दोनदा वाचलं. मग तिने वडिलांच्या जुन्या मित्राला फोन लावला. तो दुसऱ्या एका संघाची फळी सांभाळायचा.

"अंकल लू, तुमच्याकडे एक जागा रिकामी आहे ना? टावारिस पूलला घ्या."

"वॉल्टने तीस वर्षांत मला साधी बिअर पाजली नाही. मेल्यावर खेळाडू देतोय?"

"ते नाही, मी देतेय. सरावातल्या पोरांपैकी चौघांना संघ दर आठवड्याला राखून ठेवू शकतो. उद्या चारपर्यंत त्यांनी पूलचं नाव दिलं नाही, तर तो कुणालाही उचलता येतो."

"पोरी, हा सूड आहे का?"

"हो."

"बरं. निदान सांगून तरी घेतेयस."

मंगळवारी चारला हॅलोरनची चार नावं आली. त्यांत एक राखीव किक मारणारा होता, पूल नव्हता. बुधवारी पूलने लूच्या संघाशी करार केला.

रविवारी ती वडिलांच्या खुर्चीत बसून हार्लनचा सामना बघत होती. दुसऱ्या सत्रात डगचा गुडघा पुरताच गेला. त्याच्या जागी जो आला, त्याला कुठे उभं राहायचं हे रेमी हाताने दाखवत होता. शेवटच्या सत्रात तर समोरचा चेंडू फेकणारा पोस्टाच्या रांगेत उभं राहावं तसा निवांत उभा राहून फेकत होता. रेमीने अठ्ठावन्न खेळी काढल्या. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, की कॅमेरा त्याच्यावर यायचा. गेल्या शुक्रवारी त्याने दुखवट्याच्या घरी म्हणून दारात मॅकरोनीचं भांडं आणून ठेवलं होतं. तरीही तिने टीव्ही बंद केला नाही. हार्लन तेवीस गुणांनी हरलं.

सोमवारी हॅलोरनचा फोन आला.

"पूलचं नाव लूला तू दिलंस?"

"दिलं."

"बापाच्याच संघाचं वाटोळं केलंस."

"फळी भरभक्कम आहे म्हणाला होतात. वाटलं, एक माणूस गेला तर तुम्हाला जाणवणार नाही."

पलीकडे खुर्ची करकरली.

"तुला हवंय तरी काय?"

"ते वाक्य. तुमच्या नावावर. नाहीतर ही वही घेऊन मीच पत्रकारांकडे जाते."

बुधवारी छापून आलं, आतल्या पानावर, चार ओळींत: फळीबद्दलचं ते मत ग्रॅबोव्स्की यांचं नव्हतं, माझं होतं. तिने कात्रण कापून वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवलं आणि मॅकरोनीचं घासलेलं भांडं परत द्यायला निघाली.

रेमीने दार उघडलं. दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या होत्या.

"पूल तिकडे कसा खेळला गं? मला बघायला मिळालं नाही."

"दोनदा आडवा केला चेंडू फेकणाऱ्याला."

"कोच खूश झाले असते." रेमी हसला. "आमच्याकडे असता तर मीही झालो असतो."

लिओनाने भांडं त्याच्या हातात दिलं. त्याच्या गुडघ्यांकडे तिला बघवेना.